दोन मिनिटांचा दाब

1956 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कोकली, अल्पर्ट आणि बोलिंग या तीन डॉक्टरांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. रक्तदाबासाठी सर्पगंधेपासून केलेली औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचा दाब भूल दिल्यावर एकदम कोसळतो आणि नाडी मंदावते, असे त्यांना आढळले होते. त्यांनी सुचवलेला उपाय सरळ होता. शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर हे औषध दोन आठवडे आधीच बंद करावे.

सल्ला वाजवी वाटला, म्हणून तो पसरला. पुढची बरीच वर्षे अनेक रुग्णालयांत रक्तदाबाच्या रुग्णाची गोळी शस्त्रक्रियेआधी बंद होत राहिली. गोळी सुटली की दाब पुन्हा चढे आणि त्या चढलेल्या दाबानिशी माणूस ऑपरेशनच्या टेबलावर येई. डॉक्टरांना भीती होती ती दाब कोसळण्याची. पण या रुग्णांचा एक धोका उलट्या दिशेने, दाब उसळण्याचा होता आणि तो सुरी लागण्याच्याही आधी, श्वासनलिकेत नळी घालताना येत होता. हे ध्यानात यायला, त्याची मोजमापे व्हायला आणि त्यावर उपाय सापडायला विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. त्या शोधाची एक वाट मुंबईतल्या परळमधून जाते.

नळी घालताना, डॉक्टरांच्या रोजच्या बोलीत ‘ट्यूब टाकताना’, नेमके काय होते ते आधी जवळून पाहू. झोपेचे औषध शिरेतून जाते, रुग्णाचे डोळे मिटतात. मग स्नायू सैल करणारे औषध दिले जाते आणि भूलतज्ज्ञ तोंडावर मास्क धरून ऑक्सिजन देत राहतो. शरीर पुरते सैलावले की तो डाव्या हातात लॅरिंगोस्कोप घेतो. त्याचे वळणदार पाते तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत सरकवतो, जीभ डावीकडे लोटतो आणि पात्याचे टोक जिभेच्या मुळाशी टेकवून सगळा भाग वर उचलतो. स्वरयंत्रावरचे झाकण बाजूला होते, स्वररज्जू दिसतात आणि उजव्या हातातली नळी त्यांच्यामधून श्वासनलिकेत जाते. सराईत हाताला एवढे करायला पाव मिनिट पुरते.

रुग्ण निपचित असतो, त्याला काही आठवणारही नसते. मात्र जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्रात मज्जातंतूंचे दाट जाळे आहे. तिथल्या ताणाची खबर मेंदूच्या बुंध्याशी पोचते, तिथून शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था खडबडून जागी होते आणि रक्तात नॉरॲड्रिनलिन व ॲड्रिनलिन उसळतात. पाते टेकल्यापासून पाचेक सेकंदांत दाब चढू लागतो, एक-दोन मिनिटांत कळसाला पोचतो आणि साधारण पाच मिनिटांत पूर्ववत होतो. फोर्ब्ज आणि डॅली यांनी 1970 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त 22 रुग्णांची नोंद दिली. या सगळ्यांचा रक्तदाब एरवी नॉर्मल होता. नळी घालताना त्यांचा सरासरी धमनीदाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरने वाढला.

निरोगी माणूस एवढा चढ सहज सोसतो. पण ज्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षांच्या दाबाने जाड झाल्या आहेत, त्याच्या बाबतीत तेवढ्याच आकुंचनाने दाब कितीतरी जास्त उसळतो. हृदयाचे काम वाढते, ऑक्सिजनची गरज वाढते, ईसीजीवर ताण दिसू लागतो. मेंदूतली एखादी धमनी आधीच फुगलेली असेल तर तिला तो दाब सोसेलच असे नाही. दोन मिनिटांची ही उसळी काही जणांच्या जिवावर बेतू शकते.

नळीचा इतिहास या जाणिवेपेक्षा बराच जुना आहे. 1878 मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत विल्यम मॅकेवेन यांनी जिभेच्या मुळाशी कर्करोग असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत तोंडावाटे नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. नळी घातली तेव्हा रुग्ण जागा होता आणि मॅकेवेन यांनी ती डोळ्यांनी न बघता बोटांच्या अंदाजाने बसवली होती. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरॉल्ड गिलीज जखमी सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवत होते. चेहऱ्यावरच शस्त्रक्रिया असल्याने मास्कला जागा उरत नसे. या अडचणीतून आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम यांनी नळीचे तंत्र पक्के केले.

1943 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लॅरिंगोस्कोपच्या नव्या, वळणदार पात्याची माहिती प्रसिद्ध केली. ऑक्सफर्डमध्ये 1937 साली लॉर्ड नफिल्ड यांच्या देणगीतून भूलशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण झाले होते आणि मॅकिंटॉश हे त्या पदावरचे पहिले प्राध्यापक. त्यांच्या पात्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे टोक स्वरयंत्राच्या झाकणाखाली न जाता त्याच्या पुढच्या खोबणीत टेकते. झाकणाच्या आतली बाजू फार संवेदनशील असते. तिला धक्का न लागल्यामुळे भूल फार खोल नसतानाही नळी घालता येते, असे त्यांचे म्हणणे होते. जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत आजही हेच पाते वापरात आहे. पण खोबणीत टोक टेकवून उचलतानाही घशाच्या मज्जातंतूंवर ताण येतोच. त्या ताणाने हृदयाचे काय होते हे पुढे याच ऑक्सफर्डमधल्या माणसांनी मोजले.

पहिली शंका त्याआधीच आली होती. 1940 मध्ये रीड आणि ब्रेस या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी श्वसनमार्गाच्या उत्तेजनाचा हृदयावर प्रतिक्षिप्त परिणाम होतो असे मांडले. 1950 मध्ये बर्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी नळी घालतानाचे ईसीजी नोंदवले. 1951 मध्ये किंग, हॅरिस, ग्राइफेन्स्टाइन, एल्डर आणि ड्रिप्स यांचा लेख आला आणि चित्र स्पष्ट झाले. घशात पाते जाताच दाब आणि नाडी दोन्ही वाढतात, भूल खोल असेल तर ही वाढ कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा प्रश्न नेमका त्याच सुमारास का पुढे आला, याचे कारण तंत्रातल्या बदलात आहे. ईथरच्या काळात घसा सैल पडावा म्हणून रुग्णाला फार खोल झोपेत न्यावे लागे. त्या झोपेत प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावत. 23 जानेवारी 1942 रोजी माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलेत क्युरारे वापरले आणि स्नायू सैल करण्यासाठी खोल भुलेची गरज संपली. 1950 च्या दशकाच्या आरंभी सक्सिनिलकोलीन आले आणि मिनिटभरात घसा सैल होऊ लागला. रुग्णाला हलकी झोप, स्नायूंना पूर्ण शिथिलता, अशी नवी पद्धत रूढ झाली. ती कितीतरी सुरक्षित होती. पण स्नायू गप्प झाले म्हणून मज्जासंस्था गप्प होत नाही. पूर्वी खोल भुलेत दबून राहणारी उसळी आता उघडी पडली.

आता दुसऱ्या बाजूची, रक्तदाबाच्या औषधांची कथा. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला दाब होता 300/190. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचा दाब उतरवायला वैद्यकाकडे तेव्हा धड औषध नव्हते. मीठ तोडणे, विश्रांती आणि अवघड शस्त्रक्रिया करून सिंपथेटिक मज्जातंतू कापणे, एवढेच मार्ग होते.

भारतात मात्र एका झुडपाची मुळी शतकानुशतके वापरात होती. सर्पगंधा कोकणात आणि पश्चिम घाटातही उगवते. बिहारकडे ती ‘पागल की दवा’ म्हणून ओळखली जाई, कारण खवळलेल्या मनोरुग्णाला ती शांत करी. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर अशा दोन्ही कामांसाठी तिचा उपयोग नोंदवला. माणसाला झोप आणणारी मुळीच त्याचा दाबही उतरवते, ही नोंद पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे.

भारताबाहेरच्या वैद्यकाने या मुळीची दखल घेतली ती मुंबईमुळे. परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी वर्षानुवर्षे रुग्णांवर वापरून पाहिली होती. त्यांनी काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तो लेख बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला आणि अमेरिकेत सर्पगंधेचा वापर सुरू झाला. 1952 मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. वकील यांना 1957 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि 1958 मध्ये पद्मभूषण. मुंबईच्या महापालिकेच्या रुग्णालयात, मोजक्या साधनांनिशी केलेल्या नोंदींनी जगाच्या उपचारपद्धतीला वळण दिले. महाराष्ट्राने याचा अभिमान जितका बाळगायला हवा तितका बाळगलेला नाही.

रेसर्पिन काम कसे करते हे 1950 च्या दशकाच्या मध्यास उलगडले. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रिनलिनचा साठा असतो. रेसर्पिन तो साठाच रिता करते. त्यामुळे दाब उतरतो आणि मनही मंदावते. भूलतज्ज्ञांची काळजी इथेच सुरू झाली. भूल दिल्यावर दाब घसरला तर तो वर आणण्यासाठी ते एफेड्रिन देत. एफेड्रिन मुख्यतः या साठ्यातलेच नॉरॲड्रिनलिन बाहेर काढून काम करते. साठाच रिता, तर निघणार काय? दाब घसरलेला आणि नेहमीचे औषध लागू पडत नाही, हा अनुभव कोणत्याही भूलतज्ज्ञाला घाम फोडणारा होता. 1956 च्या ‘दोन आठवडे आधी बंद करा’ या सल्ल्यामागे ही भीती होती.

ती खोटी नव्हती, पण तिची व्याप्ती तपासली गेली नव्हती. 1962 मध्ये मन्सन आणि जेनिचेक यांनी, आणि 1964 मध्ये कॅट्झ, वाइनट्रॉब आणि पॅपर यांनी, सर्पगंधेवरच्या रुग्णांचा अभ्यास केला. औषध चालू ठेवलेल्यांत दाब कोसळण्याचे प्रमाण मानले जात होते तसे जास्त नव्हते. घसरलेला दाब सावरता येतो, त्यासाठी थेट रक्तवाहिन्यांवर काम करणारे औषध निवडावे लागते, एवढाच धडा होता. तरीही जुना नियम लगेच हटला नाही. काहीतरी थांबवल्याने सुरक्षितता येते, हा समज वैद्यकातही चिवट असतो.

या समजाला खरा धक्का 1971 मध्ये बसला आणि तो ऑक्सफर्डमधून. मॅकिंटॉश यांनी घडवलेल्या नफिल्ड विभागात सेड्रिक प्रिस-रॉबर्ट्स, रोजे मेलोश, पिअर फोए आणि सहकारी यांनी ‘उच्च रक्तदाबाच्या संदर्भात भूल’ अशी अभ्यासमालिका सुरू केली. रुग्ण थोडेच होते, पण मोजमापे अतिशय बारकाईची होती. दंडाला पट्टा बांधून दर काही मिनिटांनी आकडा टिपण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. दाब थेट धमनीतून, प्रत्येक ठोक्यागणिक नोंदवला जात होता. दोन मिनिटांत येऊन जाणारी उसळी पकडायची तर दुसरा मार्ग नव्हता.

त्यांना जे दिसले त्याने 1956 चा सल्ला उलटाच ठरला. उपचार न घेतलेल्या रुग्णांचा दाब भूल लागताच जास्त खोल कोसळला आणि नळी घालताना जास्त उंच उसळला. काहींच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडत असल्याची चिन्हे दिसली, काहींचे ठोके अनियमित झाले. ज्यांचा दाब औषधांनी नीट ताब्यात होता ते पुष्कळच स्थिर राहिले. म्हणजे ज्या गोळीला घाबरून ती बंद केली जात होती, तीच रुग्णाचे रक्षण करत होती. 1973 मध्ये याच मालिकेत त्यांनी दाखवले की हृदयाची गती रोखणारे बीटा-ब्लॉकर औषध आधी दिल्यास नळीच्या वेळची उसळी लक्षणीय कमी होते.

त्याच वर्षी कोपनहेगनच्या स्ट्रँडगॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दुसरे एक सत्य पुढे आणले. निरोगी मेंदू दाब बराच खाली गेला तरी स्वतःचा रक्तपुरवठा टिकवून धरतो. दीर्घकाळ उच्च रक्तदाब सोसलेल्या मेंदूची ही सोय वरच्या पातळीवर सरकलेली असते. इतरांना जो दाब पुरेसा, तो त्याला अपुरा पडू शकतो. त्यामुळे भूलतज्ज्ञापुढचा पेच दुहेरी झाला. झोपेचे औषध भरपूर दिले तर नळीची उसळी दबते, पण आधीची घसरण धोक्याची ठरते. कमी दिले तर घसरण टळते आणि उसळी अनावर होते.

1970 आणि 80 च्या दशकांत या पेचातून वाट काढण्याचे अनेक प्रयत्न झाले. 1977 मध्ये रॉबर्ट स्टोल्टिंग यांनी दाखवले की लॅरिंगोस्कोप घशात 15 सेकंदांपेक्षा जास्त राहू न देणे हाही एक परिणामकारक उपाय आहे. त्यांनी बधिर करणारे लिग्नोकेनही वापरून पाहिले. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत 1960 साली तयार झालेले फेंटॅनिल हे वेदनाशामक या कामी बरेच उपयोगी पडले. 1982 मध्ये फिनलंडच्या काउट्टो यांनी नोंदवले की किलोमागे 2 मायक्रोग्रॅम मात्रेने उसळी कमी होते आणि 6 मायक्रोग्रॅमने जवळजवळ नाहीशी होते. पण मोठी मात्रा म्हणजे ऑपरेशननंतरही रेंगाळणारी गुंगी आणि मंदावलेला श्वास. छोट्या शस्त्रक्रियेला ती किंमत जड होती. 1987 मध्ये श्रिबमन, स्मिथ आणि अचोला यांनी नळी न घालता नुसते पाते उचलून पाहिले. दाब आणि रक्तातले नॉरॲड्रिनलिन तेवढ्यानेही वाढले. दोष नळीचाच नसून जिभेचे मूळ उचलण्याचाही तितकाच आहे, हे त्यातून कळले.

याच सुमारास सर्पगंधेच्या गुणांची जोडी, शांतवणे आणि दाब उतरवणे, वेगळ्याच औषधाच्या रूपाने पुन्हा समोर आली. त्या औषधाचा जन्म मात्र बराच आधीचा. 1962 मध्ये जर्मनीतल्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीत हेल्मूट श्टेले या रसायनशास्त्रज्ञाने चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी एक नवे द्रव्य बनवले. कंपनीतले डॉ. मार्टिन वोल्फ यांच्या सेक्रेटरीला सर्दी झाली होती. त्यांनी या द्रवाचे थेंब तिच्या नाकात घातले. ती बाई जवळजवळ 24 तास गाढ झोपली. तिचा दाब उतरलेला होता आणि नाडी मंद झाली होती. नाकाचे औषध म्हणून त्या द्रव्याला भवितव्य नव्हते, पण रक्तदाबावरचे औषध म्हणून 1966 मध्ये ते बाजारात आले. त्याचे नाव क्लोनिडीन.

व्हिएन्नाचे वाल्टर कोबिंगर यांनी दाखवले की क्लोनिडीन मुख्यतः मेंदूवर काम करते. मेंदूच्या बुंध्यातून सिंपथेटिक संस्थेला जाणारे हुकूमच ते कमी करते. रेसर्पिनने कोठार रिते होत असे आणि भरायला दिवस लागत. क्लोनिडीन कोठाराला हात न लावता त्याचे दार ओढून घेते, ते दार काही तासांनी आपोआप उघडते आणि गरज पडली तर आतला माल वापरता येतो. रेसर्पिनबद्दल भूलतज्ज्ञांना जी धास्ती होती तिचे उत्तर या फरकात होते.

1987 मध्ये ‘ॲनेस्थेसिऑलॉजी’ या नियतकालिकात गिन्योने आणि सहकाऱ्यांचा लेख आला. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना त्यांनी शस्त्रक्रियेआधी तोंडावाटे क्लोनिडीन दिले होते. ते रुग्ण शांत होते, नळी घालताना त्यांचा दाब कमी उसळला, पुढेही तो स्थिर राहिला आणि भुलेचा आयसोफ्लुरेन वायूही कमी लागला. त्याच अंकात लाँगनेकर यांनी संपादकीय लिहिले आणि रक्तदाबाच्या रुग्णाच्या भूलतक्त्यावरच्या शिखरांना व दऱ्यांना आल्प्स पर्वताची उपमा दिली. क्लोनिडीन त्या दऱ्या भरून शिखरे उतरवील का, असा त्यांचा प्रश्न होता. पेचावरचे उत्तर भूल खोल करण्यात नसून मेंदूच्या सावध केंद्राला आधीच शांत करण्यात आहे, हे भूलशास्त्राने त्या वर्षी गंभीरपणे मनावर घेतले.

क्लोनिडीन हळू चढते आणि हळू उतरते. नेमकी पकड असलेले औषध फिनलंडमधून आले. तिथे जनावरांना गुंगी आणण्यासाठी मेडेटोमिडीन वापरात होते. त्याच्या दोन आरशातल्या प्रतिमांसारख्या रूपांपैकी कार्यक्षम रूप वेगळे केले गेले, ते डेक्समेडेटोमिडीन. 1992 मध्ये शाइनिन आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त नोंदवले की किलोमागे 0.6 मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेने नळी घालतानाची उसळी कमी झाली, थायोपेंटोन हे झोपेचे औषध कमी लागले आणि फेंटॅनिलही कमी लागले. अमेरिकेत डिसेंबर 1999 मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी त्याला परवानगी मिळाली. या औषधाची झोप वेगळी आहे. रुग्ण झोपलेला दिसतो, हाक मारली की डोळे उघडतो, सांगितले तर हात दाबतो आणि पुन्हा झोपतो. श्वासही फारसा मंदावत नाही.

भारतात हे औषध उपलब्ध झाल्यावर आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यावर भरपूर काम झाले. पुण्याच्या भारती विद्यापीठातील केणिया, लाडी आणि नाफडे यांचा लेख 2011 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया’त आला. डेक्समेडेटोमिडीनने नळीच्या वेळची उसळी पुष्कळ कमी होते पण पूर्णपणे नाहीशी होत नाही, आणि भुलेची इतर औषधे कमी लागतात, असे त्यांना दिसले. एमडीच्या अनेक प्रबंधांचा तो आवडता विषय झाला. आज महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावीही भूलतज्ज्ञ हे औषध सलाईनमधून दहा मिनिटांत सावकाश देताना दिसतात. सावकाश देण्याला कारण आहे. झपाट्याने दिले तर आधी दाब चढतो आणि नाडी धोक्याइतकी मंदावू शकते. गुंगीचे औषध म्हणून ते निरुपद्रवी नाही.

औषधावरचा हा विश्वास कुठपर्यंत ताणावा, याची मर्यादाही पुढे स्पष्ट झाली. नळीच्या वेळी बीटा-ब्लॉकर उपयोगी, तर मग सगळ्याच जोखमीच्या रुग्णांना ते शस्त्रक्रियेच्या आधीपासून द्यावे, असा विचार बळावला होता. 2008 मध्ये ‘पॉइझ’ चाचणीचे निष्कर्ष आले. 23 देशांतल्या 8,351 रुग्णांच्या या चाचणीत मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकरने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. 2014 मध्ये दुसऱ्या ‘पॉइझ’ चाचणीत 10,010 रुग्ण होते. छोट्या मात्रेतल्या क्लोनिडीनने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका टळला नाही, उलट दाब घसरण्याचे प्रमाण वाढले. दोन मिनिटांच्या उसळीवर जे औषध गुणकारी, ते सरसकट सगळ्यांना दिवसेंदिवस दिले की घातक ठरू शकते. उपाय त्या क्षणापुरता, त्या रुग्णापुरता आणि मोजून मापून करायचा असतो, हे या हजारो रुग्णांनी शिकवले.

शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याबाबतही आता नेमकेपणा आला आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांची संघटना आणि तिथली उच्च रक्तदाब सोसायटी यांनी 2016 मध्ये मिळून मार्गदर्शन केले. कुटुंबाच्या डॉक्टरकडे गेल्या वर्षभरात दाब 160/100 च्या खाली नोंदलेला असेल तर ठरलेली शस्त्रक्रिया करावी. अशी नोंदच नसेल तर शस्त्रक्रियापूर्व तपासणीत दाब 180/110 च्या खाली असला तरी पुढे जाता येते. रुग्णालयात आल्यावर भीतीने चढलेला एकच आकडा बघून माणसाला घरी पाठवू नये, हा त्यामागचा विचार.

या सगळ्या इतिहासाचा माझ्या मते एकच निष्कर्ष आहे. 1956 मध्ये वैद्यकाने प्रश्न शेवटच्या घटकेचा मानला आणि औषध काढून घेऊन तो सुटेल असे धरले. ऑक्सफर्डच्या नोंदींनी, क्लोनिडीनने आणि पुढच्या चाचण्यांनी दाखवले की त्या दोन मिनिटांतली स्थिरता आधीच्या नियमित उपचारावर आणि भूलतज्ज्ञाच्या सराईत हातावर उभी असते. गुंगीचे औषध या साखळीची शेवटची कडी आहे. पहिल्या कड्या निखळलेल्या असतील तर ती एकटी पुरी पडत नाही.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली, तर बीपीची गोळी मनाने बंद करू नका. ‘ऑपरेशन आहे, पोट रिकामे ठेवायचे आहे’ म्हणून सकाळची गोळी चुकवणारे रुग्ण आजही पुष्कळ आहेत. काही प्रकारच्या गोळ्या त्या सकाळी थांबवायच्या की चालू ठेवायच्या यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण बीटा-ब्लॉकर आणि क्लोनिडीन एकाएकी सोडले तर दाब आणि नाडी उसळून येतात, याबद्दल दुमत नाही. कोणती गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञांना विचारा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक औषधांच्या डब्यांसह, पिशवीत घालून त्यांच्यापुढे ठेवा आणि आधीच्या दाबाच्या नोंदी दाखवा. तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञ दोन प्रश्न जास्त विचारत असतील तर कंटाळू नका. त्या उत्तरांवरच ते औषध, मात्रा आणि वेळ ठरवणार असतात.